शाफ्टमध्ये एकच आवाज

टीममध्ये तिला सगळे वहिनी म्हणत. खरं तर ती वहिनी एकाचीच, तिच्या धाकट्या दिराची. पण तो कामावर लागला त्या पहिल्याच दिवशी सवयीने 'वहिनी, मोठा पाना कुठाय?' असं विचारून बसला, आणि तेव्हापासून तिच्या बापाच्या वयाचे मेकॅनिकसुद्धा तिला वहिनी म्हणायला लागले. त्यात वाईट काही नव्हतं. मान होता, माया होती. फक्त एवढंच की वहिनीला लोक डब्यातला घास मागतात, शर्टाचं बटण लावून मागतात, घरच्या कटकटी ऐकवतात. तिचा हुकूम मात्र कोणी मागत नाही. हे तिच्या लक्षात यायला फार वर्षं गेली.

काम लिफ्टदुरुस्तीचं. त्याही कसल्या, तर जुन्या इमारतींमधल्या खडखडणाऱ्या लिफ्ट, ज्यांना नव्या कंपन्या हात लावायला तयार नसतात. अशा लिफ्टचं काम तीन ठिकाणी एकदम चालतं. वर गच्चीखालच्या खोलीत मोटर, तिथे एक जण बटणापाशी. लिफ्टच्या टपावर एक जण उभा. आणि एक जण तळाच्या खड्ड्यात, ग्रीसमध्ये बसलेला, डोक्यावर ते सगळं धूड घेऊन. तिघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. मध्ये नुसती ती अंधारी उभी पोकळी, शाफ्ट, आणि तिच्यात फिरणारा आवाज. टपावरचा 'वर घे' म्हणाला की वर घ्यायची, 'खाली घे' म्हणाला की खाली. टपावरचा माणूस तेवढ्या वेळेपुरता राजा. तो चुकला तर खड्ड्यातल्याचा भुगा.

वहिनी वायरमनची पोर. खेळणी म्हणून तिला स्विच आणि फ्यूज मिळाले होते. रीतसर कोर्स करून ती या कंपनीत लागली तेव्हा फोरमन होते ते सगळ्यांचे मामा. मामांनी तिला हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. लिफ्ट लटकते त्या पोलादी दोराला नुसता तळहात लावून कुठली तार तुटायला आलीय हे ती सांगायची, आणि ते बघून मामा इतरांना म्हणायचे, बघा लेकांनो, बघा. लेक बघायचे आणि विड्या ओढायचे.

मग मामांनी एक दिवस तिला टपावर चढवलं. तिने हुकूम दिला, 'वर घे.' लिफ्ट ढिम्म. पुन्हा दिला. वरून कोणीतरी तिच्याच आवाजाची नक्कल करून, नाकातून, बारीक सुरात 'वल घे गं' असं उत्तर दिलं आणि सगळा शाफ्ट हसायला लागला. दुसऱ्या दिवशी तिने आवाज जाड करून बघितला. त्यावर तर त्यांची पोटं दुखायची वेळ आली. विचारलं की म्हणायचे, अहो ऐकूच आलं नाही. ऐकू न यायला काय झालं होतं? वरच्या मजल्यावर कोणाची कुकरची शिट्टी झाली तर यांना खड्ड्यात ऐकू येत होती.

घरी तेव्हा दिराचं काहीच धड नव्हतं. कापडाच्या दुकानातून काढलेला, पार्सलं पोचवण्याच्या कामावरून स्वतःच उठून आलेला. पोरगा मनाने चांगला, अंगाने आळशी, आणि घसा मात्र असा की लहानपणी रडायला लागला की तिसऱ्या गल्लीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. लग्न होऊन ती आली तेव्हा तो शाळेत होता. त्याचं दप्तर तिने भरलं होतं, त्याच्या नापास झाल्याच्या बातम्या सासूबाईंना तिने पचवायला लावल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या कंपनीत चिकटव की याला. तिने मामांचे पाय धरले आणि त्याला मदतनीस म्हणून चिकटवला.

तो तिच्याबरोबर टपावर चढायला लागला. ती हळू म्हणायची, 'वर घे.' तो बोंब ठोकायचा, 'वर घे!' आणि लिफ्ट गपगुमान वर जायची. कोणी हसलं नाही, कोणाच्या कानाला काही झालं नाही. माणसांनी आठवड्याभरात त्याचं नाव भोंगा ठेवून टाकलं. वहिनीला वाटलं, झालं की काम. आवाज कोणाच्या का घशातून निघेना, शब्द तर माझाच आहे.

आणि इथेच तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, पण पायाला कळ लागायला अजून अवकाश होता.

पुढे मामांचे गुडघे गेले. ते नावालाच फोरमन राहिले, टीम चालवायची वहिनीच. एका दुपारी गडबड झाली. टपावरून ती घाईत स्वतःच ओरडली एक आणि भोंगा ओरडला दुसरंच. वर बटणापाशी बसलेले नाना गोंधळले, लिफ्ट हातभर घसरली, आणि खड्ड्यात घडी घालून बसलेला लंबू, उंचीमुळे त्याला कुठेच धड बसता यायचं नाही, त्याच्या पायाचा अंगठा ठेचला गेला. नखावर निभावलं. पण लंबूला दोन मुली होत्या.

तिने सगळ्यांना जिन्यात उभं केलं आणि नियम घालून दिला. शाफ्टमध्ये एकच आवाज. हुकूम भोंग्याच्या तोंडून आला तरच बटणाला बोट लावायचं. 'थांब' कोणीही म्हणावं, ते लगेच ऐकायचं. पण 'वर घे', 'खाली घे' हे भोंग्याशिवाय दुसरं कोणी म्हणालं, मग ते मामा असोत, मी असो, साक्षात ब्रह्मदेव असो, हात जागचा हलवायचा नाही.

नुसता नियम घालून ती थांबली नाही. खड्डा रिकामा असला की मुद्दाम स्वतःच्या आवाजात 'खाली घे' म्हणून ओरडायची. जो फसला आणि ज्याने बटण दाबलं त्याला दिवसभर ग्रीसची फडकी धुवायला लावायची. सुरुवातीला नाना पुष्कळदा फसले. फडकी धुऊन धुऊन त्यांच्या हाताची सालं निघाली. मग हळूहळू फसायचे बंद झाले. वहिनी वरून ओरडतेय आणि नाना आपले मांडीवर हात ठेवून गालात हसतायत, असं व्हायला लागलं. तिला केवढा आनंद झाला त्याचा. माणसं तयार झाली, म्हणाली. झालीच होती. त्यानंतर त्या टीममध्ये कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

मामांची निवृत्ती जवळ आली आणि कंपनीच्या ऑफिसात वारं फिरलं. या वेळी फोरमनच्या जागेवर बाई हवी, असं वरून ठरून आलं. बाई होतीच कोण? ऑफिसातल्या मॅडमनी वहिनीला बोलावून चहा पाजला. म्हणाल्या, तुमचं काम आम्हाला ठाऊक आहे, आता एक छोटंसं शिबिर आणि मग तपासनीस साहेबांसमोर प्रत्यक्ष काम, की झालं. वहिनी घरी आली ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढत. पंधरा-सोळा वर्षं तिने ज्या जागेचं काम केलं होतं ती जागा आता तिला नावानिशी मिळणार होती. तिला ती हवी होती. उगाच नको-नको म्हणणाऱ्यांतली ती नव्हती. आतून, हावरटासारखी, हवी होती.

शिबिर हॉटेलच्या एका गारढोण खोलीत झालं. हिशेबाच्या टेबलावरच्या दोघी, स्टोअरमधली एक, फोन घेणारी एक आणि वहिनी. शिकवायला आलेल्या बाई स्वतः कॉलरला माइक लावून सांगत होत्या की बायकांनो, आपला आवाज शोधा. एवढीशी ती खोली, त्यात माइक कशाला, असं वहिनीच्या मनात आलं. पण बाई वाईट नव्हत्या. त्यांनी एकेकीला खोलीच्या टोकाला उभं करून स्वतःचं नाव ओरडायला लावलं. हिशेबातल्या दोघी नुसत्या कुजबुजल्या. फोनवाली लाजून खालीच बसली. वहिनीने श्वास घेतला आणि ओरडली. बाहेरून वेटर धावत आला. शिकवणाऱ्या बाईंनी कॉलरचा माइक काढून ठेवला. मग म्हणाल्या, एवढा आवाज होता तुमच्याकडे, तो कुणाला देऊन टाकला होतात?

वहिनी हसली, पण तो प्रश्न तिच्याबरोबर घरापर्यंत आला. त्या आठवड्यात ती भांडी घासताना, गच्चीत कपडे वाळत घालताना 'वर घे', 'खाली घे' म्हणून बघायची. नवरा चष्म्याच्या दुकानात नोकरीला, स्वभावाने इतका मऊ की गिऱ्हाईक नव्या चष्म्यातून दिसत नाही म्हणालं तर हाच माफी मागायचा. तो म्हणाला, अगं शेजारी काय म्हणतील? म्हणू देत, ती म्हणाली. बऱ्याच वर्षांत तिला एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

तिने दिराला सांगितलं. तपासणीच्या दिवशी तू टपावर यायचं नाहीस. तिसऱ्या मजल्यावर दार धरून उभा राहा आणि ब्र काढू नकोस. हुकूम मी देणार, माझ्या तोंडाने. तो म्हणाला, बरं वहिनी. सासूबाईंसमोर म्हणाला.

आणि नानांना, लंबूला काय सांगितलं? काही नाही. आता म्हणाल, असं कसं विसरली? विसरली नाही हो. तिच्या मनात ते आलंच नाही. इतकी वर्षं भोंग्याच्या तोंडून स्वतःचेच शब्द ऐकून तिला तो आवाज परका वाटतच नव्हता. नियम तिच्या लेखी एवढाच होता की दोन आवाज नकोत. उद्या एकच असणार होता, तिचा. मग सांगायचं काय?

तपासणी सहा मजली इमारतीत होती. खाली जिन्यापाशी तपासनीस साहेब, शेजारी मॅडम. लंबू खड्ड्यात उतरला, नाना वर गेले, भोंगा तिसऱ्या मजल्यावर दार धरून उभा राहिला. वहिनी टपावर चढली, दोराला हात लावला, सगळं जागच्या जागी असल्याचं बघितलं आणि हुकूम दिला.

"वर घे!"

काय आवाज निघाला! स्वच्छ, भरलेला, सहाही मजल्यांवर ऐकू जाणारा. तिचा तिलाच अभिमान वाटला.

लिफ्ट ढिम्म.

तिने पुन्हा हुकूम दिला. वरून ना उत्तर, ना मोटरची घरघर. तिला वाटलं, नानांना चक्कर आली की काय. पण तेवढ्यात वरून नानांचा खाकरल्याचा आवाज आला, अगदी खुशालीतला, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाना बहिरे झाले नव्हते. नाना तिचं ऐकत होते, शब्दन् शब्द. आज साहेबांसमोर वहिनी आपली परीक्षा घेतेय, आज तिची मान खाली जाऊ द्यायची नाही, म्हणून ते वर मांडीवर हात ठेवून बसले होते.

'अहो नाना, खरंच घ्या, मी सांगतेय,' असं ती ओरडली. पण पूर्वी फसवताना ती हेसुद्धा म्हणायची. तिसऱ्यांदा 'वर घे' म्हणताना आवाज मधेच चिरकला. खाली साहेबांनी घड्याळ बघितलं. मॅडम हातातल्या पर्सच्या पट्ट्याशी खेळायला लागल्या. लंबू खड्ड्यात कुबट अंधारात वाट बघत होता.

आणि मग तिसऱ्या मजल्यावरून भोंग्याची बोंब आली.

"वर घे!"

लिफ्ट लगेच हलली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. पुढचं सगळं काम तसंच झालं, कारण अर्धवट सोडून उतरायची सोय नव्हती, खाली माणूस होता. ती दिराला हळू आवाजात सांगत गेली, तो ओरडत गेला. काम इतकं चोख झालं की साहेबांनी जिन्यातच भोंग्याचा हात हातात घेतला.

नाना फडक्याला हात पुसत खाली आले. चेहरा फुललेला. म्हणाले, "वहिनी, तीन-तीनदा फसवायला बघितलंत, पण हलवला का मी हात? तुम्ही शिकवलेलं आहे, वाया कसं जाईल?"

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, बरोबर केलंत. ते बरोबरच होतं. चूक असलीच तर नियम घालणाऱ्या शहाणीची, म्हणजे तिची स्वतःची, दुसऱ्या कोणाची नाही.

फोरमनची जागा भोंग्याला मिळाली. वहिनी मॅडमकडे गेली आणि तो सगळा नियम, लंबूचा अंगठा, ग्रीसची फडकी, पहिल्यापासून सांगायला लागली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या टीमला तुमचं ऐकू नका असं तुम्हीच शिकवलंत?" मॅडम पुढे म्हणाल्या की आम्हाला बाईच हवी होती हो, पण माणसं कोणाचं ऐकतात ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या टीममध्ये बदली मागितली तर म्हणाल्या, तुमचं दोघांचं इतकं छान जमतं, कशाला फोडायचं? शिबिरातला तिचा फोटो मात्र ऑफिसच्या भिंतीवर लागला. तोंड उघडं, मान ताठ, ओरडताना. खाली लिहिलं होतं, आमच्या कर्तबगार महिला.

घरी सासूबाईंनी आनंदाने डोळे पुसले. तुला काय आणि त्याला काय, म्हणाल्या, घरातच आलं ना? यावर वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, सोड ना, पोरगं मार्गाला लागलं. पोरगं! चाळिशीला टेकलेलं पोरगं.

तिने दिराला एकट्याला गाठलं. स्वयंपाकघरात तो पाणी प्यायला आला होता.

"का ओरडलास?"

"तू अडकली होतीस वहिनी. मी काय बघत उभा राहू?"

"बरं. मग जागा का घेतलीस?"

तो पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. लबाड माणूस असता तर तिला सोपं गेलं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या, अबोला धरला असता. पण तो खरंच विचार करत होता.

"मी नाही म्हटलं असतं," तो शेवटी म्हणाला, "तर तुला दिली असती का त्यांनी?"

नसती दिली. बाहेरचा कोणी आणून बसवला असता. हे तिलाही ठाऊक होतं, आणि तो ते ठाऊक असूनच बोलत होता, म्हणून तिला तो त्या क्षणी अगदी नकोसा झाला. दप्तर भरून दिलेला, पाठीशी घातलेला पोर, आणि आता माझ्याच शब्दांवर माझ्याच डोक्यावर बसलाय, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

पण मनाशी एक ठरवलं. त्याचा फोरमन म्हणून पहिला दिवस उजाडेल तेव्हा आपण मूग गिळून उभं राहायचं. एक शब्द सांगायचा नाही. बघू दे सगळ्यांना, भोंग्याच्या आत काय आहे ते. नुसती हवा. एकदा तोंडघशी पडला की कळेल ऑफिसला.

पहिला दिवस उजाडला. दोघं टपावर उभी. दिराने नवा निळा शर्ट घातला होता, खिशाला पेन. नाना वर, लंबू खाली. दोर ताणून घ्यायचा होता, म्हणजे लिफ्ट किती न्यायची आणि कुठे थांबवायची हे बोटभर चुकूनही चालणार नव्हतं. दिराने तिच्याकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत राहिली. त्याने घसा साफ केला. पुन्हा तिच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तिला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

तो तोंड उघडणार हे तिला दिसलं. काहीतरी ओरडायलाच हवं होतं त्याला, साहेब झाला होता तो. वर की खाली, तो नशिबावर सोडणार होता. आणि खाली खड्ड्यात लंबू कशाचं तरी गाणं गुणगुणत होता, बेसूर, निश्चिंत, कारण वहिनी टपावर आहे हे त्याला माहीत होतं.

या धंद्यात धड रुसायचीसुद्धा सोय नव्हती.

"बोटभर वर," ती म्हणाली. "मग थांब."

"बोटभर वर!" तो ओरडला. लिफ्ट बोटभर वर गेली आणि थांबली.

संध्याकाळपर्यंत सगळं असंच झालं. निघताना नानांनी नव्या फोरमनच्या पाठीवर थाप मारली आणि वहिनीला म्हणाले, तुमच्या हाताखाली तयार झालाय, दिसतंय की.

जेवायला सगळे एकत्र बसले. सासूबाईंचा कान आताशा जड झाला होता, पण लेकाचा पहिला दिवस कसा गेला हे त्यांना ऐकायचं होतं. चांगला गेला, तो म्हणाला, काहीच अडचण आली नाही. मग त्यांनी सुनेकडे वळून विचारलं, "खरंच नीट सांभाळलं ना गं त्याने?"

वहिनीने ताटावरची नजर वर केली नाही.

"हो," ती म्हणाली.

"काय म्हणाली?" सासूबाईंनी धाकट्या लेकाला विचारलं.

"हो म्हणतेय ती," त्याने मोठ्याने सांगितलं.